पोरांची गोधडी आणि सासूबाईंचं लुगडं

पत्र

ताई नमस्कार, मी चिंचवडला राहते, मुलगा तिसरीत आहे. मागच्या महिन्यात शाळेतून प्रोजेक्ट आलं, "कापडाच्या तुकड्यांपासून भारतीय पारंपरिक रजई बनवा", आणि आम्हाला ते नेहमीप्रमाणे आदल्या रात्री कळलं. मी पुठ्ठ्यावर ग्लू गनने चौकोन चिकटवत बसले, रात्रीचा दीड वाजला, मुलगा दहालाच झोपून गेला होता. शाळेत एक्सलंट मिळालं आणि ह्याने भर वर्गात सांगून टाकलं की हे आईने केलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतली ९ मुलं जमवून खरीखुरी गोधडी करावी असं डोक्यात घेतलंय. वयं ५ ते ११. पण एक आई म्हणते सुई नको, ग्लूनेच करा. दोन मुलगे म्हणतात शिवण म्हणजे मुलींचं काम. घरात सासूबाईंकडे त्यांच्या आईची लुगडी आहेत गाठोड्यात बांधलेली, ती मागितली तर म्हणाल्या, माझ्या आईच्या लुगड्याला कात्री लावू देणार नाही. शेवटी सगळ्यांचे तुकडे जोडून एक मोठी गोधडी करायची आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना बाळ होणार आहे त्यांना द्यायची असा प्लॅन आहे. मला स्वतःला बटण लावण्यापलीकडे काही येत नाही. जमेल का? आणि प्लीज मला अहो-जाहो करू नका.
— चिंचवडची एक आई

उत्तर

अगं बरं झालं तूच म्हणालीस अहो-जाहो नको, कारण मला थोडं रागवायचंय आणि तुम्ही-आम्ही करत नीट रागावता येत नाही. राग तुझ्यावर नाही, त्या ग्लू गनवर आहे. पुठ्ठ्यावर कापड चिकटवलं की कोलाज होतं, चांगलं दिसतं, पाच वर्षांच्या पोरांनी खुशाल करावं, पण त्याला गोधडी म्हणू नये. गोधडी टाक्याने होते. तिला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं, ना चिकट, ना फ्रेम, ना आत कापूस, नुसता वरून खाली आणि खालून वर जाणारा धावदोरा. तो काढला तर हातात चिंध्यांचा ढीग उरतो. म्हणून मुलांना एकच गोष्ट द्यायची असेल तर टाका दे, बाकी डिझाइन, रंगसंगती, नीटनेटकेपणा सगळं सोड.

आणि तुझ्या मुलाने खरं सांगितलं त्यात मेल्याहून मेल्यासारखं काय झालं बाई, मी असते तर त्या दिवशी त्याला दोन भजी जास्त वाढली असती.

आधी सुईचं बोलू, कारण सगळ्या आया तिथेच अडतात. सुई द्यायची. पाच-सहा वर्षांच्यांना बोथट टोकाची, क्रॉस स्टिचला वापरतात ती, पण मग कापडही तसंच विरळ विणीचं द्यायला हवं, पंचा किंवा मॅटी. इथे लोक हमखास चुकतात. सेफ म्हणून बोथट सुई देतात आणि कापड देतात घट्ट विणीची चादर, सुई जात नाही, पोरगं जोर लावतं, मग ती एकदम आरपार निघते आणि खालच्या बोटात घुसते. सात वर्षांच्या पुढच्यांना सरळ टोकदार सुई दे, भरतकामाची, लांब नेढ्याची, फार बारीक नको आणि दाभण तर अजिबात नको, ते पोतं शिवायचं हत्यार आहे. टोकदार सुई घट्ट कापडातून अलगद जाते, जोर लागत नाही, आणि जिथे जोर लागत नाही तिथे टोचतही कमी. टोचणार नाही असं नाही, प्रत्येकाला एकदा तरी टोचणार. हात धुवायचा, पट्टी लावायची, पाच मिनिटं त्या पट्टीचं कौतुक करायचं आणि परत शिवायला बसायचं. ते पट्टीवालं पोरगं दिवसभर हिरो असतं.

आता माझी फजिती सांगते म्हणजे तुझी वाचेल. पहिल्यांदा मी १२ मुलं घेऊन बसले तेव्हा आदल्या रात्री जागून ४० चौकोन कापले, सगळे अगदी एका मापाचे, कडक इस्त्री केलेले, जोड्या लावून पिशव्यांत भरलेले. मोठी मास्तरीण. आणि पूर्ण एक तास मी काय केलं माहितीये का, फक्त सुया ओवल्या. इकडे ओवून देईस्तोवर तिकडे दोघांचा दोरा निसटलेला, "मावशी माझा निघाला, मावशी माझा पण". शिवणं कुणाचंच झालं नाही. त्यात एक सात वर्षांचा पठ्ठ्या एकटाच मान खाली घालून मन लावून शिवत होता, मला वाटलं चला एक तरी शिष्य मिळाला, आणि घरी जायच्या वेळी तो उठला तर तुकडा सोबत उठला, त्याने तो आपल्याच चड्डीला शिवून टाकला होता, एक नाही चांगल्या तीन ओळी, आणि त्याचे टाके वर्गात सगळ्यांत चांगले होते हो! त्याच्या आईसमोर बसून मी ते उसवले.

तर यातून दोन कामं. एक, मांडीवर कापड घेऊन शिवायला द्यायचं नाही, प्रत्येकाच्या मांडीवर एक जाड पुठ्ठा किंवा परीक्षेचं पॅड. दोन, सुया आदल्या दिवशीच ओवून ठेवायच्या, प्रत्येकाला दोन म्हणजे ९ मुलांच्या १८, आणि त्या टोचून ठेवायच्या साबणाच्या वडीत. आपल्या आज्या तसंच ठेवायच्या, सुई हरवत नाही आणि साबण लागल्यामुळे कापडातून सुळकन जाते. दोरा मुलाच्या हाताच्या बोटापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको, लांब दोऱ्याचा गुंता होणारच आणि गुंता झाला की पोरगं पाणी प्यायला म्हणून जे उठतं ते परत येत नाही. लहानांचा दोरा दुहेरी घेऊन दोन्ही टोकांना मिळून गाठ मार म्हणजे नेढ्यातून निसटणार नाही. मोठ्यांना भरतकामाचा जो सहा पदरी दोरा मिळतो त्यातले तीन पदर पुरे.

कापड. इथे तुझ्या घरातच खाण आहे, पण सासूबाईंकडे नंतर येते. सुती हवं, धुतलेलं हवं, जुनं असेल तर फारच चांगलं कारण वापरून वापरून ते मऊ पडलेलं असतं आणि सुईला अडवत नाही. चादर, उशीचे अभ्रे, पंचे, सुती ओढण्या, बाबांचे कॉलर फाटलेले शर्ट. लेगिंग, टीशर्ट नको, ते ताणतात. जॉर्जेट, साटीन नको, हातातून निसटतात. जीन्स मुलांच्या सुईला जुमानत नाही. खणाचे तुकडे दिसतात फार गोड पण कडेने इतके सुटतात की पोरांच्या हातात शेवटी नुसते धागे राहतात, ते ठेवायचेच तर मधे एखादा, चारी बाजूंनी नीट दुमडून. कोपऱ्यावरच्या टेलरकाकांना सांगून ठेव, ब्लाउजच्या अस्तराचं कटिंग ते टाकूनच देतात, टू बाय टू रुबियाचे तुकडे असतात ना, छोट्या हातांना त्याच्यासारखं कापड नाही. सुती आहे की नाही कळत नसेल तर मुठीत धरून आवळ आणि सोड, सुती कापड चुरगळलेलं राहतं आणि पॉलिस्टर शहाण्यासारखं सरळ होतं.

आणि ऐक, कात्रीचं एवढं टेन्शन घेऊ नको. कागद कापायच्या बोथट कात्रीने कापड कापलं जात नाही, चावलं जातं. कडेला तू एक छोटी खाच दे आणि मुलाला सांग, धर दोन्ही बाजूंनी आणि ओढ. सुती कापड धाग्याच्या रेषेत टर्रर्र करून एकदम सरळ फाटतं. घरात कापड फाडायला परवानगी आहे ह्याच्यावरच पोरांचा विश्वास बसत नाही. अर्धा तास हेच चालेल, चालू दे. पाच वर्षांच्यांचं तर मुख्य काम तेच, फाडणं आणि ढीग लावणं, लाल इकडे, चेक्स तिकडे, फुलाफुलांचं तिसरीकडे. निघालेले धागे पण टाकू नका. बंगालमध्ये कांथा करणाऱ्या बायका जुन्या साडीच्या काठातले रंगीत दोरे ओढून काढायच्या आणि त्यांनीच शिवायच्या, मुलांना हे सांगितलं की ती धागे ओढण्यात जी रंगतात की विचारू नको, ते धागे मधेच तुटतात म्हणा पण मजेला काय झालं, एखादी ओळ त्याने घालू दे.

आता करायचं कसं. तुला बटणापलीकडे येत नाही म्हणालीस, मग आपली नेहमीची गोधडी तुला थोडी अवघड जाईल, कारण त्यात सगळे थर आधी अंथरून, सरळ करून, कच्चा टाका घालून मग शिवायचं असतं, आणि थर सरकला की झोळ. मुलांसाठी मला दुसरी पद्धत जास्त आवडते, आणि ती लांबची नाही, आपल्या शेजारचीच आहे. खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यातल्या बऱ्याच जणांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेलं आणि ते तिथून निसटून घाटातल्या जंगलात जाऊन राहिले. घरात अजून कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात. त्यांच्या बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. फ्रेम नाही, आखणी नाही, कागदावर नक्षी नाही, जमिनीवर बसायचं आणि एका कोपऱ्यापासून सुरू करायचं. कडेकडेने चिंध्या लावत, शिवत शिवत, गोल फिरत आत यायचं आणि मध्यावर पोचलं की गोधडी झाली. शिवणं आणि जोडणं एकाच टाक्यात. म्हणजे आधी काहीच ठरवावं लागत नाही, आणि हेच मुलांना हवं असतं, ह्या क्षणी हातात जी चिंधी आहे ती आवडली की लावली.

मुलांना करायचं माप छोटं ठेव. खाली पायाला जुन्या चादरीचा किंवा पंच्याचा चौकोन, ३० बाय ३० सेंटीमीटर, बाहुलीची गोधडी म्हण किंवा देवापुढे बसायचं आसन म्हण. त्याच्या चारी कडा अर्ध्या पेराएवढ्या आत दुमडून तू इस्त्री करून ठेव. मुलाने पहिली चिंधी कोपऱ्यावर ठेवायची, तिच्या बाहेरच्या दोन बाजू आत दुमडायच्या, म्हणजे चिंधीची दुमड पायाच्या दुमडीवर बरोब्बर बसते. टाचणी नको, कपडे वाळत घालायचे चिमटे लाव, ते फर्स्टक्लास काम करतात. मग कडेकडेने धावदोरा. चिंधी संपत आली की दुसरी उचलायची, तिची एक बाजू दुमडून ती दुमड पहिलीच्या उघड्या कडेवर चढवायची आणि तोच दोरा पुढे न्यायचा. कोपरा आला की वळायचं. चारी बाजू फिरून परत पहिल्या चिंधीपाशी आलो की एक बोट आत सरकायचं आणि दुसरी फेरी सुरू, मग तिसरी, जिथे चिंधी संपून पाया दिसायला लागेल तिथे नवीन चिंधी, तिची दुमड जुनीच्या उघड्या कडेवर. मधे शेवटी एक भोक उरतं, त्यावर चारी बाजू दुमडलेला एक तुकडा, तो कुठला लावायचा ह्यावर प्रत्येक मूल दहा मिनिटं विचार करतं, घाई करू नको. ओळींमध्ये मुलाच्या बोटाएवढं अंतर पुरे, सिद्दी बायकांच्या ओळी ह्याच्या कितीतरी पट जवळजवळ असतात, त्याचा फोटो मुलांना शेवटी दाखव, आधी नको, आधी दाखवलास तर ती हातच आखडतात. थर दोनच, पाया आणि चिंधी, जिथे चिंध्या एकमेकींवर चढतात तिथे आपोआप चार होतात, त्यापेक्षा जास्त मुलांच्या सुईला झेपत नाही, आत फोम-कापूस काही भरायचं नाही.

कवंदीच्या चारी कोपऱ्यांना त्या बायका छोट्या चिंध्यांच्या घड्या घालून त्रिकोण शिवतात, त्याला फूल म्हणतात. फूल नसेल तर गोधडी उघडीबोडकी वाटते असं त्यांच्यात मानतात. मुलांना हे भयंकर आवडतं. चौकोनी चिंधीची एकदा तिरकी घडी, मग परत एकदा, आणि कोपऱ्याच्या आत खुपसून चार टाके. ख्रिश्चन घरातल्या कवंदीत क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्या कवंदीत चंद्रकोर, मग तुमच्या सोसायटीतल्या पोरांनी मधे क्रिकेटची बॅट लावली तर काही बिघडत नाही. फक्त एवढं कर, हे कुणाकडून घेतलंय ते त्यांना नावाने सांग, सिद्दी, कवंदी, हल्याळ. "आफ्रिकन स्टाइल बोहो क्राफ्ट" असलं काहीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नको, मी वाचेन आणि परत रागावेन.

आता सासूबाई. त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे आणि तू कात्री शब्द काढायलाच नको होता. गोधडीला लुगडं कापावं लागतच नाही. नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, त्याची चौपदरी घडी घातली की दोन मीटरच्या आसपास लांबीची गोधडी तयार, वर आख्खं लुगडं दिसतं आणि चिंध्या, जुनी धोतरं, फाटके सदरे सगळं पोटात जातं. सगळ्या आज्यांनी तसंच केलं, चांगलं वर, फाटकं आत. तेव्हा त्यांना कापायला मागू नको, दाखवायला माग. पोरांना बसव गोल, सासूबाईंना मधे बसव आणि गाठोडं सोडायला लाव. आणि हळूच विचार, आई, ह्यातलं विरलेलं कुठलं आहे. लुगडं सगळीकडून सारखं विरत नाही, बसायच्या जागी आणि कासोट्याला आधी विरतं, हाताने उजेडात धरलं की पलीकडचं दिसतं, पण काठ आणि पदर ठणठणीत असतो. एखादं असं निघेलच जे नेसण्यापलीकडे गेलंय. ते फाडायचं असेल तर त्यांनीच फाडायचं, तू नाही आणि मुलांनी तर नाहीच. आणि नाही म्हणाल्या तर नाही. विषय बंद, गाठोडं बांधून परत कपाटात. मला विचारशील तर त्या स्वतःच एखाद्या पोराच्या हातात वीतभर तुकडा देतील, पण तुला सांगून नाही, तू स्वयंपाकघरात असशील तेव्हा.

त्यांना जनाबाईची गोष्ट सांगायला सांग. विठोबा जनीकडे दळायला आला, पहाटे घाईत निघाला आणि आपलं पदक तिथेच ठेवून तिची वाकळ, म्हणजे गोधडीच, पांघरून गेला, देवळात बडवे बघतात तर देवाच्या अंगावर फाटकी वाकळ आणि पदक गायब, आळ आला जनीवर. पुढचं सुळाचं वगैरे त्या रंगवून सांगतील. नऊ पोरांच्या हातात सुया असताना कुणीतरी गोष्ट सांगत असणं हे फार उपयोगाचं आहे, हात चालू राहतात. सातारा-सांगलीकडे वाकळ म्हणतात, तिथून खाली कर्नाटकात उतरलं की कौदी. सासूबाई कुठल्या आहेत आणि काय म्हणतात ते विचार, सुनेला कधी कुणी विचारायला सांगत नाही म्हणून आपल्यालाही माहीत नसतं.

मुलगे म्हणतात मुलींचं काम. त्यांना विचार तुमची पॅन्ट कोण शिवतं, टेलरकाका, मग. चपला कोण शिवतं, शेतात पोती कोण शिवतं. आणि ती जनाबाई ज्यांच्या घरी होती ते नामदेव, १२७० सालचे, शिंप्याच्याच घरचे, पंढरीच्या वाटेवर त्यांचे अभंग म्हणतात आणि हे लोक सुई धरायला लाजतात. पण खरं सांगू का, एवढं बोलायची वेळच येत नाही. कापड फाडायला दिलं की ते दोघं सगळ्यात पुढे असतात आणि एकदा बसले की कुणाची ओळ लांब ह्याची शर्यत लावतात.

तुझ्या मोठ्या प्लॅनबद्दल मात्र माझं स्पष्ट मत ऐक, तुकडे जोडू नको. नऊ जणांनी चार शनिवार खपून केलेला तुकडा एका मोठ्या गोधडीत गेला की तो कुणाचाच राहत नाही, फोटो छान येतो आणि घरी जाताना सगळ्यांचे हात रिकामे. सहा वर्षांचं पोर त्यावर रडतं आणि मला ते रडणं योग्य वाटतं. ज्याचा तुकडा त्याच्या घरी जाऊ दे.

आणि बाळासाठी तर मुलांनी शिवलेलं काही देऊच नको ग, कितीही गोड कल्पना असली तरी. सुईचं मोडलेलं टोक आत राहू शकतं, सैल दोऱ्याच्या फेऱ्यात तान्ह्याचं बोट अडकतं, आणि नवीन आईला नाहीही म्हणता येत नाही. वहिनींना द्यायचंच असेल तर तू आणि सासूबाई मिळून एक दुपटं शिवा, जुन्या मऊ सुती साडीचं, दुहेरी, आणि प्रत्येक मुलाला त्यात एक ओळ घालू दे, एका वेळी एकच मूल, एकच सुई, तू शेजारी. नऊ ओळी, बास. मग धुऊन, कडक उन्हात वाळवून, वरून लोहचुंबक फिरवून द्यायचं. बटणाच्या पुढचं शिकायला तुलाही बरं आहे ते.

लोहचुंबक तसंही लागेल. फ्रिजवरचं चालतं, जुन्या स्पीकरमधलं असेल तर फारच छान. खाली एकरंगी चादर अंथरून त्यावरच सगळ्यांना बसव, सतरंजी-गालिचा नको, सुई त्यात गेली की सापडते ती थेट कुणाच्या तरी पायाला. संपल्यावर १८ सुया वडीत परत टोचल्याशिवाय खाऊ बाहेर काढायचा नाही. १७ निघाल्या तर सगळ्यांनी मिळून शोधायची, हा पण खेळच होतो.

वेळ किती, तर एका बैठकीला ४० मिनिटांपेक्षा जास्त शिवण नको, आणि पाच वर्षांच्यांचा जीव १५ मिनिटांत भरतो, मग त्यांनी चिंध्या निवडून मोठ्यांना पुरवायच्या, मुकादम म्हणून. पहिल्या शनिवारी फाडणं आणि एक बाजू, बास. दुसऱ्या शनिवारी निम्मी मुलं कंटाळतील, एखादं येणारच नाही, मनाला लावून घेऊ नको. तिसऱ्या शनिवारी आतला चौकोन छोटा होत चाललेला दिसायला लागतो आणि तिथून मग ती तुला उठू देत नाहीत. एखाद्याचं चार शनिवारांत नाही झालं तर अर्धवट घरी जाऊ दे सुईसकट, म्हणजे त्याच्या आईला सांगून.

शेवटचं आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टाके वाकडे येणार. एक तांदळाएवढा, पुढचा बोटाएवढा, मग एक तिरका. तुझा हात शिवशिवेल, रात्री सगळे झोपल्यावर जरा दोन टाके सारखे करून ठेवू असं वाटेल, कारण तुला सवय आहे, दीड वाजेपर्यंत जागलेली बाई तू. हात लावायचा नाही. चड्डीला शिवलं तर उसवायचं, सुटलेली गाठ परत मारून द्यायची, बाकी एकही टाका उसवायचा नाही की सरळ करायचा नाही. मुलांना लगेच कळतं ग, आपला टाका कुठला आणि आईचा कुठला.

चार शनिवार झाले की मला फोटो पाठव, पण समोरचा नको, उलट्या बाजूचा. गाठी, लोंबणारे दोरे, सगळं दिसू दे. तुझ्या लेकाचा तुकडा कुठला ते सांगू नको, मी ओळखते का बघू.